‘धुवू नये’ लिहिलेली चादर

सौ. वन्संना भावजयीचा वाकून नमस्कार.

गेले सहा महिने माझं पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रागावला नसाल तर मला वाईट वाटेल, म्हणून रागावलाच आहात असं धरून लिहिते. तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून ते दर शब्दाआधी एकदा खाकरून घेतात? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या बंधूंचं वजन थोडं वाढलं आहे, त्याचं कारण पुढे येईलच. माझी पाठ इस्त्रीच्या टेबलापाशी दुखते आणि गल्ल्यापाशी दुखत नाही, असं तुमच्या बंधूंचं निरीक्षण आहे. त्यावर मी काही बोलत नाही. बोलायचं ते सगळं मी गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या सुनावणीत बोलून टाकलं, आणि वन्सं, आम्ही जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटचं पान आधी उघडून बघणार नाही.

आता पहिल्यापासून सांगते. आपल्या लाँड्रीसमोर टायरचं जुनं गोदाम होतं ते तुम्हाला आठवत असेल (तुम्ही मागे आला होतात तेव्हा, समोरून रबराचा वास येतो, असं तीनदा म्हणाला होतात). ते पाडून तिथे गाडीतून न उतरता खायचं दुकान झालं. म्हणजे असं की गाडी आत घालायची, एका खांबाशी बोलायचं, खांब विचारेल तेवढ्याची उत्तरं द्यायची, आणि पुढच्या खिडकीतून कोंबडीचं नि बटाट्याचं पुडकं घेऊन बाहेर पडायचं. खुर्ची नाही, टेबल नाही, हात धुवायला नळ नाही. लोक ह्याला ड्राइव्ह-थ्रू म्हणतात. तुमचे बंधू ‘खांबाचं दुकान’ म्हणतात आणि आता आळीत सगळे तेच म्हणायला लागले आहेत. आपल्या घराण्याचं नाव ह्याही मार्गानं निघालं.

उघडलं त्या दिवशी तुमचे बंधू इस्त्री टाकून बघायला गेले. गाडी नाही, म्हणून चालत गेले. खांबासमोर उभे राहिले, नमस्कार केला, दोन बटाटे आणि एक चहा मागितला. खांब गप्प. पुन्हा मागितलं. गप्पच. त्या खांबाआधी जमिनीत काहीतरी पुरलेलं आहे, त्याच्यावर लोखंड आलं की खांबाला वाचा फुटते, हे त्यांना माहीत नव्हतं. तुमचे बंधू लोखंडाचे नाहीत हे कळायला मला लग्नानंतर आठवडा लागला होता, खांबाला ते लगेच कळलं. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले तसे ते परत आले आणि दुपारभर नुसती इस्त्री फिरवत राहिले.

तिथे विषय संपायला हवा होता. पण तुमच्याकडच्या माणसांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा? महिनाभर मनात ठेवून एके दिवशी त्यांनी आपली कपड्यांची लोखंडी ट्रॉली घेतली. रिकामी नाही. एका लॉजचे चाळीस टॉवेल होते तिच्यात, ते उतरवायचं सुचलं नाही. ट्रॉली घेऊन ते रांगेत लागले, पुढे एक लाल गाडी, मागे सात गाड्या. खांबानं ह्या वेळी अगदी गोड आवाजात स्वागत केलं. ह्यांनी बटाटे सांगितले, चहा सांगितला, वर खांबाला तुम्ही कुठले, असंही विचारलं. आणि खिडकीकडे वळताना ट्रॉलीचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. रांगेत शिरलं की मधून बाहेर पडायला वाटच नसते (ह्या दुकानाच्या कामात मला हेच सगळ्यात भयंकर वाटतं), त्यामुळे सात गाड्या जागच्या जागी. शेवटी लोक इंजिनं बंद करून उतरले. चौघांनी मिळून ट्रॉली उचलली. उचलताना एकमेकांची विचारपूस झाली, कुणाचा मेहुणा कुणाच्या ओळखीचा निघाला, आणि त्या रस्त्यावर महिन्यात पहिल्यांदा माणसांचा आवाज ऐकू आला. मी दारातून हे सगळं बघत होते. रागावून बघत होते, पण इंजिनं बंद झाल्यावर ती पाच मिनिटांची शांतता किती बरी वाटली, ते माझ्या ध्यानात राहिलं. चाळीस टॉवेल पुन्हा धुवावे लागले.

रागाचं कारण म्हणजे वन्सं, एव्हाना ती रांग आमच्या मुळावर आली होती. सकाळी नाश्त्याला एकदा आणि दुपारी जेवणाला एकदा, दुकानाच्या फाटकापासून वळणापर्यंत गाड्या लागायच्या, सगळ्यांची इंजिनं सुरू. धूर खालून आणि तळणीचा वास वरून. आमच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दोन्ही गोष्टी अगदी मनापासून शोषून घेत. वकीलसाहेब आपले जुने गिऱ्हाईक. त्यांचा पांढरा शर्ट मी स्वतः कांजी घालून दिला होता. तो घालून ते कोर्टाच्या आवारात शिरले आणि तिथली चार कुत्री त्यांच्यामागे लागली. भुंकली नाहीत, चावली नाहीत, नुसती मायेनं चालत राहिली, दाराशी बसून राहिली. आत गेल्यावर न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, की कुणी जेवणाचा डबा उघडला आहे का. वकीलसाहेब शर्ट परत घेऊन आले तेव्हा हसत होते, पण पुढच्या आठवड्यापासून त्यांचे कपडे येईनासे झाले. मग डॉक्टरीणबाईंचे बंद झाले. मग शाळेचे पडदे. तीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांतून दुसऱ्यांचे वास काढले, आणि आता माझ्याच दुकानातून वास लावून देत होते. हे मला फार लागलं, वन्सं. कुणाला बोलून दाखवलं नाही, तुम्हालाच लिहिते.

शेजारच्या मास्तरीणबाईंचं तर ह्याहून वाईट. त्यांना तुम्ही ओळखता, काठी घेऊन चालतात आणि काठीचा उपयोग चालण्यापेक्षा दाखवण्यासाठी जास्त करतात. त्या रोज दहा वाजता रस्ता ओलांडून वाचनालयात जात. रांग सुरू झाल्यापासून गाड्यांच्या मधून वाट मिळेना. एकदा त्या अर्ध्या रस्त्यात दोन गाड्यांमध्ये अडकून उभ्या राहिल्या, पुढचा पुढे जाईना आणि मागचा मागे सरेना. परत आल्या त्या आपल्या पायरीवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी डोकावले तर म्हणाल्या, “वाचायचं तसं घरीही आहे गं.” शेजारी टेबलावर तेच जुनं वर्तमानपत्र पडलेलं होतं. कागदाचे पेले गटारात, पाणी आमच्या पायरीशी, न्हाव्याकडे कुणी चालत येईना, फुलवाल्यानं दुकान हलवलं. लोक आमच्या रस्त्यावर येत होते ते पूर्वीच्या दसपट, पण एकाचाही पाय जमिनीला लागत नव्हता.

मी खांबाच्या दुकानाच्या कंपनीला तक्रार लिहिली. दीड महिन्यानं कंपनीच्या इंजिनिअरांचं उत्तर आलं, छापील, सहीसुद्धा छापील. तपासणी केली असून परिसरावरील परिणाम नगण्य आहे. नगण्य हा शब्द मी तुमच्या बंधूंना दोनदा मोठ्यानं वाचायला लावला. मग तो माझ्या डोक्यातून जाईना. इस्त्री फिरवताना नगण्य, नीळ घालताना नगण्य. त्याच आठवड्यात समोरच्या भिंतीवर नगरपालिकेची नोटीस लागली. कंपनीला दुसरी रांग हवी होती. त्यासाठी आमच्या बाजूचा फुटपाथ आणि त्यावरची चार झाडं जाणार होती, बसथांबा पलीकडच्या रस्त्यावर जाणार होता, आणि धुराचा फवारा थेट आमच्या पायरीपर्यंत येणार होता. सुनावणी बारा दिवसांनी. तुमचे बंधू म्हणाले, “आपण लाँड्री विकून टाकू.” मी म्हटलं, “आधी एक चादर द्या.”

पाहुण्यांसाठी ठेवलेली एक कोरी पांढरी चादर मी रस्त्याकडच्या कठड्यावर टांगली. अर्ध्या चादरीवर मेणकापड घट्ट चिमट्यांनी लावलं, अर्धी उघडी ठेवली. म्हणजे हवेत काही नसेल तर दोन्ही अर्धी सारखी राहतील, आणि असेल तर चादरच सांगेल. आठ दिवस हात लावायचा नाही असं मनाशी ठरवलं. मास्तरीणबाईंना खिडकीशी बसवलं आणि वही दिली. रांगेत गाडी किती वेळ उभी, इंजिन सुरू की बंद, आणि दिवसात पायी रस्ता ओलांडणारी माणसं किती, एवढं लिहायचं. त्यांनी वहीला आधी समास आखला, मग तारीख घातली, आणि त्या दिवसापासून त्यांचा आवाज परत चढला.

पाचव्या दिवशी मी धाग्याची रिळं आणायला गेले होते. परत येऊन बघते तर कठड्यावर चादर नाही. तुमचे बंधू आतून हसतमुख आले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ह्या माणसानं न सांगता कधी रुमाल धुतला नव्हता. त्या दिवशी त्यांना वाटलं की बायको दमते, आपण हातभार लावावा. चादर धुतली होती. नीळसुद्धा घातली होती. इतकी पांढरी चादर ह्या लाँड्रीतून कधी निघाली नव्हती. मी खाली बसले. त्यांना काय झालं ते कळेना. संध्याकाळपर्यंत ते चिमटे हातात घेऊन माझ्यामागून फिरत राहिले. शेवटी त्यांनीच ती चादर पुन्हा टांगली, मेणकापड लावलं, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून अडकवलं, ‘धुवू नये’. लाँड्रीच्या कठड्यावर ‘धुवू नये’ अशी पाटी. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं फोटो काढून गेली. सुनावणीला सात दिवस उरले होते.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पलीकडे समितीची पाच माणसं, मध्ये अध्यक्षीणबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. इंजिनिअर कडक पांढऱ्या शर्टात आले होते. भिंतीवर आलेख दाखवले. वर जाणारी रेघ म्हणजे रोजगार आणि खाली जाणारी म्हणजे बहुतेक आम्ही. नगण्य हा शब्द ते सहा वेळा बोलले (मास्तरीणबाईंनी मोजलं). मग मला बोलावलं. भाषण तयार होतं, पण उभी राहिले आणि पहिलं वाक्यच आठवेना. म्हणून गुपचूप कागदात गुंडाळलेली चादर काढली आणि टेबलावर पसरली. समितीतल्या माणसांना चहाचे कप उचलून हातात धरावे लागले. मग मी चिमटे काढून मेणकापड ओढलं.

वन्सं, अर्धी चादर दुधासारखी आणि अर्धी राखाडी, मधे सरळ रेघ, जशी काही पट्टी लावून आखली आहे. अध्यक्षीणबाईंनी राखाडी भागावरून बोट फिरवलं, बोट बघितलं, आणि शेजाऱ्याला दाखवलं. मी म्हटलं, ही सात दिवसांची आहे. समोरच्या खिडकीत काम करणाऱ्यांची फुप्फुसं मला काढून इथे टांगता येत नाहीत, म्हणून चादर आणली.

इंजिनिअर म्हणाले की चादर हे शास्त्रीय उपकरण नव्हे. त्यांचं बरोबर होतं. पण मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मी माणसाकडे बघते म्हणजे आधी कॉलरकडे बघते, मग बाहीकडे. मी विचारलं, “साहेब, आज सकाळचा नाश्ता तिथेच केलात का? गाडीची काच खाली करून बराच वेळ रांगेत होतात?” ते कागद चाळायला लागले. मी म्हटलं, “दोन्ही हात जरा पुढे धरा.” आणि त्या भल्या माणसानं खरंच धरले. खिडकीकडची बाही दुसऱ्या बाहीपेक्षा एक छटा काळी होती. त्यांनी स्वतःच एकदा ह्या बाहीकडे बघितलं, एकदा त्या. मागच्या बाकांवरून हसू उठलं ते समितीपर्यंत पोचलं. त्यांनी हात खाली घेतले आणि हळूच म्हणाले की नाश्ता तिथेच केला होता, वीस मिनिटं लागली. मास्तरीणबाईंनी काठी उंच करून सांगितलं की त्यांच्या वहीप्रमाणे तेवीस.

पण खरं सांगायचं तर पारडं फिरवलं ते मॅनेजरनं. खांबाच्या दुकानाची मॅनेजर म्हणजे पंचविशीतली मुलगी, तिला कंपनीनं आपल्या बाजूनं बोलायला आणलं होतं. अध्यक्षीणबाईंनी तिला सहज विचारलं की खिडकीशी काम करणारी माणसं किती तास उभी असतात. तिनं एकदा इंजिनिअरांकडे बघितलं. मग म्हणाली, “आठ तास. रोज कुणाचं तरी डोकं दुखतं. मी खिडकीशी पंखा मागितला होता, तर धूर नगण्य आहे असं उत्तर आलं.” एवढं बोलून ती खाली बसली आणि बाहीनं कपाळाचा घाम पुसायला लागली. माझ्या पिशवीत एक इस्त्रीचा रुमाल होता, तो मी तिला दिला. मघाशी आपण बाही दाखवून हशा मिळवला ह्याची मला तेव्हा थोडी लाज वाटली. ह्या मुलीनं नोकरी पणाला लावली होती, माझी फक्त चादर होती.

शेवटी आणखी कुणाला काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर तुमचे बंधू उठले. मी त्यांचा सदरा ओढला, तरी उठले. एक वाक्य बोलले. “मला तिथे चालत जाऊन खायचं आहे.” आणि बसले. अध्यक्षीणबाईंनी ते लिहून घेतलं.

निकाल आठ दिवसांनी लागला. दुसरी रांग नामंजूर. झाडं, फुटपाथ आणि बसथांबा जागच्या जागी. रांगेत इंजिन बंद, तशी पाटी आणि दंड. तळणीच्या धुराड्याला जाळी आणि उंची. खिडकीशी पंखा. दुकानापासून वळणापर्यंतचा कचरा दुकानानंच उचलायचा. आणि पायी येणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी, समोर दोन बाकं. मॅनेजरची नोकरी शाबूत आहे. पंख्याची जागा तिनं स्वतः खडूनं आखून दिली. मास्तरीणबाई दहा वाजता रस्ता ओलांडतात, आणि गरज नसताना मधोमध थांबून दोन्ही बाजूंना काठी दाखवतात. वकीलसाहेबांचे कपडे परत आले, शाळेचे पडदे आले. काल दुपारी रांग लागली होती आणि तरी मला न्हाव्याच्या कात्रीचा आवाज दुकानात ऐकू आला. मी इस्त्री उभी करून नुसती ऐकत बसले.

तर वन्सं, तुमच्या भावजयीला आता रस्त्यावर लोक ‘चादरवाल्या बाई’ म्हणतात, आणि मला ते आवडतं. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना गोड पापा. तुमचा राग गेला असेल असं समजून इथे थांबते.

तुमची,
भावजय

ता. क. सगळं लिहिलं तर एक गोष्ट का लपवू? त्या सात दिवसांतले दोन दिवस वारा उलटा होता, म्हणजे आमच्याच मागच्या, पाणी तापवायच्या भट्टीचं धुराडं चादरीकडे तोंड करून होतं. सुनावणीत कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. निकाल लागल्यावर मात्र जेवण जाईना, म्हणून जाऊन अध्यक्षीणबाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या की निकाल वहीवर आणि त्या मुलीच्या सांगण्यावर दिला आहे, चादरीमुळे आम्ही नुसते जागे झालो. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, पण बरं झालं सांगितलंत, आता तुमचंही धुराडं बघू. माणूस आला, बघितलं, आणि भट्टी बदलून विजेवरची घ्या असा कागद देऊन गेला. त्यात नगण्य हा शब्द कुठेही नाही.

दुसरी ता. क. भट्टी बदलेपर्यंत लाँड्री बंद राहणार आणि वरच्या घरात पाणी तापणार नाही. तेव्हा तीन आठवडे आम्ही दोघं तुमच्याकडे यावं असा विचार आहे. पत्र मुख्यतः त्यासाठीच. तुमच्या गुडघ्याला माझी मदत होईल. तुमच्या बंधूंची कुणालाच होणार नाही, पण ते समोरच्या खिडकीपाशी दिवसातून दोनदा चालत जातात आणि त्यांना इथे एकटं ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून दोन ओळी लिहितो. हिनं लिहिलेलं बहुतेक खरं आहे. सुनावणीत ती उभी होती तेव्हा मला रडू आलं होतं, ते तिनं लिहिलं नाही, तिला दिसलं नसावं. भट्टीवाला कालच भेटला. तीन नाही, सात आठवडे लागतील म्हणतो. हिला मी अजून सांगितलेलं नाही. आम्ही तिकडे पोचलो की तू सांग.